वीस हजार पाहुण्या आणि एक छत्री

आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या काळात सासऱ्यांनी विश्वासाने माझ्या हवाली केलेल्या वस्तूंची यादी सांगतो. एक : त्यांची मुलगी. यादी संपली.

तीही छत्रीच्या प्रकरणाआधी दिली म्हणून. लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात मी त्यांची लाकडी मुठीची छत्री मागून नेली आणि बसमध्ये विसरलो. सासरे एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, विषय मिटला असता. त्याऐवजी त्यांनी दुसरी छत्री घेतली, आणि तेव्हापासून आमच्याकडे आले की ती दारामागे न अडकवता मांडीवर आडवी घेऊन बसतात. चहा पिताना, टीव्ही बघताना, नातवंडांशी बोलताना. सत्तावीस वर्षं ती छत्री माझ्याकडे रोखलेली आहे.

अशा माणसाने एका संध्याकाळी टेम्पोतून उतरून स्वतःची मधमाश्यांची पेटी माझ्या मागच्या अंगणात ठेवली, यावरून त्यांची अडचण केवढी होती ते समजा. डोळ्यांचं ऑपरेशन होतं. महिनाभर मुलाकडे राहायचं होतं, आणि मुलगा राहतो सातव्या मजल्यावर, सुनेला मुंगी दिसली तरी घाम फुटतो. उरलो मी.

"जावईबापू," ते पेटीवरून हात फिरवत म्हणाले, "बावीस वर्षं सांभाळतोय. हिची आई गेली तेव्हा घरात आवाज असा या पेटीचाच होता."

माझी उभी नोकरी गोदामात गेली. आवक, जावक, शिल्लक. मोजल्याशिवाय मी सुतळीचं बंडलसुद्धा ताब्यात घेतलेलं नाही. सवयीने तोंडातून गेलंच, "किती आहेत?"

"असतील वीसेक हजार. मोजून देत नाही, मोजून मागणार नाही." ते थांबले. मांडीवर घ्यायला छत्री शोधली, ती हातातच होती. "फक्त परत येईन तेव्हा असू देत."

आयुष्यात पहिल्यांदा न मोजता माल ताब्यात घेतला. जुन्या तीनपायी स्टुलावर पेटी बसली, तोंड पूर्वेला, बाजूला परातीत पाणी आणि पाण्यात खडे, म्हणजे माश्यांना उभं राहून पाणी पिता येईल. आमच्याकडे आलेल्या कुठल्याही पाहुण्याची एवढी सोय झालेली नाही.

पहिले दहा दिवस सुखाचे गेले. सकाळी चहा घेऊन मी पेटीसमोर बसायचो. गोदामात शिस्त कशाला म्हणतात ते मी तीस वर्षं लोकांना ओरडून सांगितलं. इथे वीस हजार जणी कुणी न ओरडता कामाला जात होत्या आणि, मुख्य म्हणजे, परत येत होत्या.

अकराव्या दिवशी नोटीस लागली. "कॉलनीतील सर्व झाडांवर शुक्रवारी सकाळी ठीक आठ वाजता कीटकनाशक फवारणी होईल. सहकार्य करावे."

कारण असं : पार्किंगच्या झाडांवर मावा पडला होता. मावा पानांतला रस पितो आणि चिकट पाणी खाली सोडतो. ते पाणी दोन महिने सगळ्यांच्या गाड्यांवर पडत होतं तेव्हा तो निसर्ग होता. सेक्रेटरींच्या नव्या पांढऱ्या गाडीवर पडलं, तशी ती समस्या झाली. त्यातली निम्मी झाडं फुलावर होती, आणि आमच्या पाहुण्यांचा दिवसभराचा मुक्काम नेमका तिथेच. झाडं सोडली तरी पार्किंग आणि आमचं अंगण यांच्यात छातीइतकी भिंत. वारा काही भिंतीपाशी थांबून परवानगी मागत नाही.

ही म्हणाली, "अहो, बाबांना काय सांगायचं?"

मी म्हणालो, "काही सांगायची वेळ येणार नाही." असं बोलल्यावर माणसाला काहीतरी करावंच लागतं.

मी अर्ज लिहून सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली.

"पेटीची नोंद आहे का आपल्याकडे?"

"कसली नोंद?"

"पाळीव प्राणी. नोंद नसेल तर पेटी आहे असं सोसायटीला कसं म्हणता येईल? आणि नसलेल्या पेटीसाठी फवारणी कशी पुढे ढकलायची?"

मी फॉर्म घेतला. नाव, जात, रंग, लसीकरणाची तारीख, गळ्यातल्या बिल्ल्याचा नंबर, संख्या. नावापुढे रेघ मारली. रंग, पिवळट तपकिरी. लसीकरणापुढे 'लागू नाही' लिहिलं. लस टोचण्याचं काम त्याच करतात हे लिहिण्याचा मोह आवरला. संख्या, अंदाजे वीस हजार.

सेक्रेटरींनी चष्मा काढला. "नियमाप्रमाणे एका घरात दोन."

"मग कुठल्या दोन ठेवू?"

"ते मीटिंगमध्ये घेऊ. पुढच्या महिन्यात."

"मग फवारणी तरी संध्याकाळी करा. माश्या तेव्हा घरात असतात."

इथे ते पुढे झुकले आणि घरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, "अहो, मागच्या वर्षी संध्याकाळीच केली होती. लोक टीव्हीसमोर. वार्षिक सभेत एकतीस जणांनी विचारलं, फवारणी झालीच कधी? तेव्हापासून सकाळी आठ. सगळे गाड्या काढत असतात, सगळ्यांना दिसते."

मी त्यांना दोष देत नाही. काम होणं निराळं आणि काम झालेलं दिसणं निराळं. यातलं दुसरं ज्याला उमगलं तो सलग नऊ वर्षं सेक्रेटरी राहतो.

मग शेती खात्याला फोन केला. "शेती किती?" "मागचं अंगण." "मग तुम्ही आमच्यात येत नाही, शहरात विचारा." शहराच्या आरोग्य विभागातल्या बाई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, "माश्या ना? पत्ता सांगा, मारायला माणूस पाठवते." मी पत्ता चुकीचा सांगून फोन ठेवला. ज्याचा पत्ता सांगितला त्याची क्षमा मागतो.

एव्हाना बातमी पसरली होती, आणि फुकट वाटता येण्याजोगी एकच गोष्ट लोकांकडे भरपूर असते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना कॉलनीत 'पुरवणी' म्हणतात. कुणीही काहीही बोललं की ते त्याला चार ओळी जोडतात. ते गॅलरीतून ओणवून म्हणाले, "पेटीला ओली चादर गुंडाळा. नाहीतर पंखा लावा, वारं उलटं जाईल. नाहीतर राणीला तेवढी बाजूला काढून घ्या, बाकीच्या नंतर होतात."

शेजारच्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्याशी बोलताना मी अजूनही हात पाठीमागे घेतो. त्या भिंतीपलीकडून म्हणाल्या, "सूचना पाळा, एवढंच सांगते. सूचना लागली होती, तुम्ही वाचली होती. आणि त्या किड्यांमुळे माझे कपडे खराब झाले तर मी गप्प बसणार नाही." त्या चाळीस वर्षांत कधीच गप्प बसल्या नव्हत्या, त्यामुळे धमकीत नवीन काही नव्हतं.

गुरुवार संध्याकाळपर्यंत माझ्याकडे चौदा सल्ले जमा झाले. मी एकही वापरला नाही. मी तीस वर्षांचा अनुभव वापरला. गोदामाचा पायाच असा आहे की खोकं हलवलं की आतला माल हलतो. खोकं सुरक्षित तर माल सुरक्षित. तेव्हा शुक्रवारी सकाळी पेटी उचलून घरात आणायची, फवारणी होईपर्यंत न्हाणीघरात ठेवायची, दाराला टॉवेल लावायचा. एवढी साधी गोष्ट कुणाला सुचू नये याचं मला मनातून थोडं वाईटही वाटलं.

साडेसातला आम्ही दोघांनी पेटीच्या दाराशी फडकं कोंबलं, पेटी उचलली, न्हाणीघरात नेली, खिडकी लावली, दार लावलं, टॉवेल कोंबला. आतून नेहमीचा आवाज येत होता, जरा वरच्या पट्टीत. मी हात झटकले.

"झालं. चहा टाक."

"अहो," खिडकीतून बाहेर बघत ही म्हणाली, "आपल्या सगळ्या माश्या आतच होत्या ना?"

गोदामातला माल सकाळी उठून बाहेर जात नाही. हा एवढाच फरक माझ्या हिशेबातून सुटला होता.

सकाळी उजाडल्यापासून कामाला गेलेल्या माश्या परत येत होत्या. येऊन स्टुलावर उतरत होत्या, आणि स्टुलावर घर नव्हतं. पाच मिनिटांत स्टूल दिसेनासं झालं. दहा मिनिटांत त्या शोधायला निघाल्या. भिंतीपलीकडे बाईंच्या दोरीवर दोन पांढऱ्या चादरी वाळत होत्या. त्यातली एक बघता बघता तपकिरी झाली. उरलेल्यांनी शेजारची दुसरी पांढरी वस्तू पाहिली, ती म्हणजे सेक्रेटरींची गाडी. दाराच्या हँडलला हा एवढा घोस लटकला.

आठ वाजत होते. सगळे गाड्या काढायला खाली आले होते. सेक्रेटरींना जे हवं होतं तेच झालं, सगळ्यांना सगळं दिसत होतं.

"हे काय आहे?" सेक्रेटरी आपल्याच गाडीपासून वीस पावलांवरून ओरडले.

"पाळीव प्राणी!" वरून पुरवणी म्हणाले. "बहुतेक दोनपेक्षा जास्त आहेत!"

मी टॉवेल हलवत बाईंच्या अंगणात धावलो. मधमाश्यांसमोर टॉवेल हलवू नये हा पंधरावा सल्ला मला कुणी दिला नव्हता. एक जण येऊन कानाच्या पाळीला चावली. मी ओरडलो नाही. मी फक्त खाली बसलो, आणि बसताना बाईंच्या चादरीचं टोक धरलं.

चादर माझ्या अंगावर आली. वरच्या माश्यांसकट.

आत मी मुटकुळं करून बसलो होतो आणि बाहेर बाईंचा आवाज येत होता, "हलू नका! अजिबात हलू नका! सांगितलेलं ऐका एकदा तरी!" चाळीस वर्षांचा आवाज तो. मी हललो नाही. शपथेवर सांगतो, माश्याही हलल्या नाहीत.

चादर हळूच कुणीतरी उचलली. पाठीवर पंप, तोंडाला फडकं, पायात गुडघ्यापर्यंत बूट. फवारणीवाला. आता हा पंप सुरू करणार, आणि मी चादरीत बसलेला. बाबांना फोनवर कुठल्या वाक्याने सुरुवात करायची ते मी मनात जुळवू लागलो.

त्याने पंप खाली ठेवला.

"पेटी कुठाय, साहेब?"

"न्हाणीघरात."

"दार लावून?"

"टॉवेलसुद्धा लावलाय," मी म्हणालो, अजून थोडा अभिमान शिल्लक होता.

"लवकर काढा बाहेर. गुदमरतील. होती तिथेच ठेवा, बोटभर इकडेतिकडे नको." आणि मी उठताना त्याने माझ्या कानातला काटा नखाने खरवडून काढला. "त्यांना पेटी पाठ नसते हो. जागा पाठ असते."

पेटी स्टुलावर परत ठेवली आणि दाराचं फडकं काढलं. आधी आतल्या बाहेर आल्या, मग कसं कोण जाणे सगळ्यांना कळलं. चादरीवरच्या, हँडलवरच्या, माझ्या पाठीवरच्या, सगळ्या दाराशी रांग लावून आत शिरू लागल्या. पार्किंगमधले लोक गाड्या बंद करून बघत राहिले. त्या दिवशी आमच्या कॉलनीतले निम्मे लोक कामावर उशिरा पोचले असतील.

"चला, आता सुरू करा," सेक्रेटरी म्हणाले.

"नाही मारत," फवारणीवाला म्हणाला. "झाडं फुलावर आहेत, माश्या कामावर आहेत. आत्ता मारलं तर संध्याकाळी पेटीपुढे फक्त झाडू लागेल."

"अहो, पण आठची वेळ कळवली तेव्हा काही बोलला नाहीत?"

"तुम्ही वेळ सांगितलीत. विचारलं कुणी?"

चौदा सल्ले मी ऐकले होते, आणि ज्याला खरं ठाऊक होतं त्याचा फोन नंबर नोटिशीच्या तळाशी छापलेला होता.

मग तो स्टुलाजवळ उकिडवा बसून माझ्याशीच बोलल्यासारखं बोलला. "सुरुवातीला माझ्या हातून सात पेट्या गेल्या होत्या. एका बाईच्या. बागमालकाने सांगितलं सकाळी मार, मी मारलं. शेजारी पेट्या आहेत हे मला ठाऊक नाही, मी येणार हे तिला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी ती पेट्यांसमोर झाडू घेऊन बसली होती. भांडली असती तर बरं. झाडतही नव्हती, नुसती बसली होती."

भांडली असती तर बरं. मला मांडीवरची एक छत्री आठवली.

त्याने सांगितलेलं सगळं एका पोस्टकार्डावर मावलं असतं. दिवस मावळून शेवटची माशी घरात आली की पेटीच्या दाराला बारीक तारेची जाळी ठोकायची, म्हणजे हवा राहील. पेटीवर ओलं गोणपाट. फुलावरच्या झाडांना हात लावायचा नाही, त्यांच्यावरचा मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाडायचा. बाकीच्या झाडांवर औषध, तेही वारा पेटीकडून झाडांकडे असेल तरच. पान सुकलं की सकाळी उशिरा जाळी काढायची.

सेक्रेटरींना हे सगळं पटलं. अडचण एकच, संध्याकाळी बघणार कोण? त्यांच्या चेहऱ्यावर ते एकतीस जण दिसत होते.

"बघतील," मी म्हणालो. "मी घरोघरी सांगतो."

कान बटाट्याएवढा झालेला माणूस दारात आला की लोक नाही म्हणत नाहीत. मी सदतीस घरं फिरलो. सदतीस ठिकाणी कानाची चौकशी झाली, नऊ ठिकाणी चहा झाला, आणि सगळ्यांनी कबूल केलं की संध्याकाळी टीव्ही बंद करून, खिडक्या लावून, काचेतून फवारणी बघू आणि बघितल्याची सही देऊ. असा ठराव जगात दुसरीकडे झाला नसावा.

दिवस कलताना बाई स्वतःहून आल्या. हातात त्याच दोन चादरी, पाण्यात बुडवून पिळलेल्या.

"पार्किंगकडच्या भिंतीवर दोरी बांधून लावा. उडालेले थेंब अडतील."

"बाई, तुमच्या चादरी—"

"तशाही धुवायच्याच होत्या. हात पाठीमागे काय घेताय, धरा हे टोक."

पुरवणींनी गॅलरीच्या गजाला साडीचा काठ बांधून लोंबता सोडला. वारा बघायला. त्यांच्या आयुष्यातली ही पहिली पुरवणी असेल जी मूळ मजकुरापेक्षा उपयोगी ठरली.

मी गुडघ्यावर बसून पेटीचं दार बघत होतो. एक आली. मग बराच वेळ कुणी नाही. मग दोघी. मग अगदी शेवटी एक, पायांना पिवळी पूड लावून, दमून आलेली. ती आत गेल्यावर मी जाळी ठोकली. तीस वर्षांत मी हजारो वेळा गोदामाचं शटर ओढलं, पण शेवटचा माणूस आत आलाय का हे बघायला कधी थांबलो नव्हतो.

पहिली दोन झाडं झाली आणि साडीचा काठ हळूच वळला. आमच्या अंगणाकडे.

फवारणीवाल्याने त्या क्षणी पंप बंद केला. चबुतऱ्यावर जाऊन बसला. सगळी कॉलनी काचेआड उभी. दहा मिनिटं झाली, वीस झाली. सेक्रेटरींची खिडकी बोटभर उघडली. "झालं का?"

"नाही," तो म्हणाला. "वाऱ्याला विचारतोय."

खिडकी बंद झाली. कुणी टीव्ही लावला नाही. मी स्वयंपाकघराच्या काचेतून मोजलं, सदतीस खिडक्यांत उजेड होता आणि प्रत्येक उजेडात निदान एक डोकं. सगळी डोकी एका साडीच्या काठाकडे बघत होती. चाळीस मिनिटांनी तो काठ निमूट खाली आला, मग पलीकडे वळला. फवारणीवाला उठला आणि त्याने उरलेली झाडं पूर्ण केली. माझ्याशेजारी ही उभी होती. तिने माझा चांगला कान असलेली बाजू निवडली होती.

सकाळी नऊला त्याने पानं चाचपून मान डोलावली. मी जाळी काढली. काहीच झालं नाही. मी आणखी वाकून बघितलं. मग दारात एक डोकं दिसलं, मिशा हलल्या, आणि ती उडाली. मागून दहा, शंभर, मग मोजायचं मी सोडून दिलं.

पेटीखाली मेलेल्या मात्र मोजल्या. चौतीस. घाबरत सासऱ्यांना फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, न्हाणीघरासकट. कानसुद्धा सोडला नाही.

डोळ्यांना पट्टी होती त्यांच्या.

"चौतीस म्हणजे काही नाही. रोज मरतात तेवढ्या," ते म्हणाले. "फोन पेटीला लावा जरा."

मी फोन लाकडाला टेकवून उभा राहिलो. हात अवघडला तरी धरून राहिलो. शेवटी फोनमधून बारीक आवाज आला, "असू द्या. राणी आहे, आवाजावरून कळतं. सगळं ठीक आहे."

मी फवारणीवाल्याचे आभार मानायला वळलो, तर तो पंप पाठीला लावून निघालाही होता. त्याला गेटपाशी गाठलं. आभार मानले आणि विचारलं, "त्या सात पेट्यांवाल्या बाई?"

"आता आहेत अकरा," तो म्हणाला. "मी येण्याआधी फोन करतो त्यांना."

महिना भरल्यावर सासरे आले. काळा चष्मा, मांडीवर छत्री. दिवसभर पेटीसमोर बसले. सेक्रेटरी येऊन भेटले आणि त्यांना मंजूर झालेला फॉर्म दाखवून गेले. संख्येच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने 'एक (कुटुंब)' असं केलं होतं. बाईंनी भिंतीवरून विचारलं, "पेटी खरंच नेणार का?" आणि उत्तर ऐकायच्या आत घरात गेल्या. अंधार पडता पडता पेटी टेम्पोत चढली. अंगणात तीन पायांचं स्टूल उरलं.

टेम्पो गेटपर्यंत गेला असेल, तेवढ्यात दारामागे माझं लक्ष गेलं. खिळ्याला छत्री लटकत होती. मी ती घेऊन, चपला न घालता धावलो.

"बाबा! छत्री राहिली!"

टेम्पो थांबला. त्यांनी काळा चष्मा वर करून आधी मला पाहिलं, मग छत्रीला.

"राहिली नाही," ते म्हणाले. "अडकवून आलो. पुढच्या खेपेला नेईन. तुमच्याकडे आहे ना?"

टेम्पो वळला. मी अनवाणी उभा राहून माल ताब्यात घेतला, मोजून. छत्री, नग एक.